तगाद्याने सॉफ्टवेअर सुधारत नाही

२०२२ च्या उन्हाळ्यात फिनलंडमधल्या लासे कॉलिन या प्रोग्रामरला काही अनोळखी माणसांनी भंडावून सोडलं होतं. कॉलिन ‘एक्सझेड युटिल्स’ नावाचं सॉफ्टवेअर सांभाळत. फाइल दाबून लहान करायची आणि लागेल तेव्हा पुन्हा उलगडायची, एवढंच त्याचं काम. पण लिनक्स या संगणक-प्रणालीच्या जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोत, म्हणजे वापरायला तयार अशा संचात, ते असतं. सांभाळणारा मात्र एकटा, आणि तोही बिनपगारी. पत्रं लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं की पाठवलेले पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पडून आहेत, नवी आवृत्ती येत नाही, तुमचा रस संपला असेल तर प्रकल्प दुसऱ्याच्या हाती द्या. जूनमध्ये कॉलिन यांनी उत्तर दिलं. रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे आणि इतर काही कारणांमुळे लक्ष घालण्याची ताकद कमी पडते आहे, आणि हा बिनपैशाचा, हौसेचा प्रकल्प आहे हेही ध्यानात असू द्यावं, असं त्यांनी लिहिलं. यावरचं उत्तर वाचून आजही वाईट वाटतं. तुमच्या तब्येतीबद्दल सहानुभूती आहे, पण आपल्या मर्यादा ओळखाव्यात, लोकांना यापेक्षा जास्त हवं आहे, असा त्याचा सूर होता.

मदतीला एक जण तयारच होता. ‘जिया टॅन’ या नावाने २०२१ च्या अखेरीपासून कुणीतरी नीटनेटके पॅच पाठवत होतं. हळूहळू नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकार त्या नावाकडे गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० ही आवृत्ती आली, मार्चमध्ये ५.६.१. दोन्हींत एक चोरदरवाजा दडवलेला होता. तो तसाच पसरला असता, तर गुप्त किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला जगभरातल्या असंख्य सर्व्हरांमध्ये परस्पर शिरता आलं असतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डेबियन या लिनक्स डिस्ट्रोच्या बगांच्या, म्हणजे दोषांच्या, नोंदवहीत ‘नवी आवृत्ती लवकर घ्या’ अशी नोंदही पडली, आणि तिला दुजोरा द्यायला आणखी काही नवखी नावं पुढे आली. कॉलिन यांना छळणारी नावं एव्हाना कधीच गायब झाली होती. ती सगळी बनावट होती, असंच या प्रकरणाचा अभ्यास करणारे बहुतेक जण मानतात.

मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. हल्लेखोरांना नवं काहीच शोधावं लागलं नाही. बिनपगारी मेंटेनरशी, म्हणजे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याशी, वापरकर्ते रोज ज्या भाषेत बोलतात, तीच भाषा त्यांनी उचलली. ती इतकी नेहमीची होती की कुणाला संशय आला नाही. कुणी मध्ये पडून ‘या माणसाशी असं बोलू नका’ असंही म्हटलं नाही. म्हणून वापरकर्ते आणि मेंटेनर यांच्यातली धुसफूस हा केवळ शिष्टाचाराचा विषय आहे असं मी मानत नाही. आपली बँक, आपलं रुग्णालय, आपला फोन ज्या कोडवर चालतो, त्या कोडमध्ये कुणी शिरायचं हे या धुसफुशीतून ठरू शकतं.

हा घात उघडकीला आला तोही एका बग रिपोर्टमुळेच. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारे आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. डेबियनच्या अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर ते पोस्टग्रेसचा वेग मोजत होते. दूरच्या मशीनवर लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर उगाच जास्त प्रोसेसर खातो आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. चुकीचं नाव टाकून लगेच नाकारलं जाणारं लॉगिनसुद्धा रेंगाळत होतं; जिथे आधी ०.३ सेकंद लागत, तिथे आता ०.८. काही आठवड्यांपूर्वी मेमरी तपासणाऱ्या वालग्रिंड या साधनाने दाखवलेली एक विचित्र चूक त्यांना आठवली. तीही एक्सझेडची नवी आवृत्ती आल्यानंतरचीच. दोन्ही धागे धरून ते मुळाशी पोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळं जाहीर केलं. त्या पत्रात कोणती आवृत्ती, कोणतं मशीन, कोणती कमांड, आधी किती वेळ लागत होता आणि आता किती, कोणत्या परिस्थितीत चोरदरवाजा जागा होतो आणि कोणत्या नाही, हे सगळं आहे. शिवाय आणखी एक वाक्य आहे: आपण सुरक्षा-संशोधक नाही आणि रिव्हर्स इंजिनिअरिंग (तयार प्रोग्राम उलगडून तो कसा चालतो हे शोधणं) करणारेही नाही. आपल्याला काय ठाऊक आहे हे सांगताना काय ठाऊक नाही तेही त्यांनी लिहून ठेवलं.

बग रिपोर्ट ही साक्ष असते, आणि या सगळ्या वादाकडे त्याच नजरेने पाहावं असं माझं मत आहे. साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं सांगायचं असतं: मी हे केलं, हे व्हायला हवं होतं, त्याऐवजी हे झालं. निकाल काय असावा हे त्याने सांगायचं नसतं. साक्षीदार पैसे देऊन आला की फुकट, तो तज्ज्ञ आहे की शाळकरी पोर, यानेही साक्षीचं मोल बदलत नाही. पण साक्ष ऐकणाऱ्यावरही बंधन असतं. हवा तसा निकाल देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. ऐकून घेण्याचं, आणि काय ठरवलं ते सांगण्याचं आहे. कॉलिन यांच्यामागे लागलेल्या माणसांच्या पत्रांत एकही नवी हकीकत नव्हती, नुसता तगादा होता. फ्रॉइंड यांच्या पत्रात तगादा नावालाही नव्हता. आपल्या नोंदी या दोहोंपैकी कशाच्या जवळ जातात हे प्रत्येकाने स्वतःच पाहावं.

मेंटेनरच्या बाजूने आधी बोलतो, कारण ती कमी ऐकली जाते. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरच्या परवान्यांत ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे सॉफ्टवेअर आहे तसं दिलेलं आहे, कसलीही हमी नाही. कायद्याच्या दृष्टीने वापरणाऱ्याचा हक्क तिथेच संपतो. तरीही काय घडतं ते स्वीडनच्या डॅनिएल स्टेनबर्ग यांच्याकडे पाहून कळतं. १९९८ पासून ते ‘कर्ल’ सांभाळताहेत. इंटरनेटवरून डेटा आणणारा-पाठवणारा हा प्रोग्राम फोन, टीव्ही, मोटारी अशा अब्जावधी उपकरणांत बसलेला आहे. मोटारीच्या पडद्यावर परवान्यांच्या यादीत त्यांचं नाव नि ईमेल पत्ता दिसतो, म्हणून गाडीचा नकाशा चालत नाही अशी पत्रं त्यांना येतात. २०२१ मध्ये त्यांना जिवे मारण्याची धमकी आली. जानेवारी २०२२ मध्ये एका बलाढ्य कंपनीने त्यांना प्रश्नावली पाठवली. लॉगफोरजे या जावा भाषेतल्या लायब्ररीतली (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमधली) मोठी त्रुटी नुकतीच गाजली होती. तुमच्या उत्पादनावर तिचा काय परिणाम झाला ते चोवीस तासांत कळवा, असा हुकूम होता. कर्ल सी या वेगळ्याच प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे आणि लॉगफोरजेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ती कंपनी त्यांची ग्राहकही नव्हती. सपोर्टचा करार करा, मग आनंदाने उत्तरं देतो, असं स्टेनबर्ग यांनी कळवलं. त्यांचं वागणं मला शंभर टक्के योग्य वाटतं.

पण वापरकर्ता असा का वागतो? तो मुळात उर्मट असतो म्हणून, असं उत्तर देणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. ज्याचे पैसे मोजले त्याची तक्रार करायची, आवाज चढवल्याशिवाय कुणी ऐकत नाही, हे त्याला आयुष्यभराच्या अनुभवाने शिकवलेलं असतं. बँकेचं ॲप बंद पडलं की हेल्पलाइनवर अर्धा तास गाणं ऐकायचं, मग ॲपला एक तारा देऊन मोकळं व्हायचं, हीच त्याची दोष कळवण्याची एकमेव सवय. समोरचं सॉफ्टवेअर कंपनीने विकलेलं आहे की कुणी रात्री जागून फुकट बनवलेलं, हे पडद्यावर कुठेच दिसत नाही. दोन्हींची बटणं सारखीच असतात. त्यात त्याचं काम खरोखर अडलेलं असतं. दिवसभराचं लिखाण उडालेल्या माणसाकडून पहिल्याच वाक्यात संयमाची अपेक्षा करणं मला अमानुष वाटतं.

शिवाय मेंटेनर बरोबर असूनही चुकू शकतो. २०१० च्या शेवटी फेडोरा १४ ही लिनक्स डिस्ट्रो वापरणाऱ्या काही जणांच्या लक्षात आलं की ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेयरचा आवाज फाटतो आहे. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते ‘जीलिबसी’ या लिनक्सच्या मूळ लायब्ररीत. मेमरीतला डेटा एका जागेहून दुसरीकडे नेणाऱ्या ‘मेमकॉपी’ या फंक्शनचा वेग वाढवण्यासाठी काही प्रोसेसरांवर ते शेवटाकडून सुरुवातीकडे कॉपी करू लागलं होतं. सी भाषेचा नियम सांगतो की दोन जागा एकमेकींवर चढत असतील तर मेमकॉपी वापरायचंच नाही, त्यासाठी ‘मेममूव्ह’ आहे. अडोबीच्या फ्लॅशने नियम मोडला होता, इतकी वर्षं ते खपून गेलं होतं. त्यामुळे उत्तर मिळालं की चूक आमची नाही, फ्लॅशची आहे. नियमाला धरून हे उत्तर बिनचूक होतं.

त्या चर्चेत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः उतरले. त्यांचं म्हणणं असं, की वापरणाऱ्याला नियमाशी देणंघेणं नसतं. काल आवाज नीट येत होता, आज येत नाही, आणि बदल तुम्ही केला आहे. तात्पुरता उपाय म्हणून त्यांनी जुन्या पद्धतीने कॉपी करणारा छोटा कोडही लिहून दाखवला. पुढे २०११ मध्ये जीलिबसीच्या २.१४ आवृत्तीत तोडगा निघाला. जुन्या प्रोग्रामांना जुन्याच पद्धतीचं मेमकॉपी मिळेल, नव्याने बांधलेल्यांना नवं. नियम राहिला आणि फ्लॅशचा आवाजही परत आला. मला हे प्रकरण फार शिकवणारं वाटतं, कारण ज्यांनी ‘आवाज फाटतो’ एवढंच कळवलं होतं, त्यांना जीलिबसी काय आणि मेमरीतल्या जागा कशा चढतात काय, यातलं काहीही ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्यांची साक्ष खरी होती. दोष नेमका कुणाचा, हा पुढचा प्रश्न. तो त्यांच्यावर ढकलून नोंद मिटवणं अन्यायाचं झालं असतं.

असा अन्याय रोज होतो. ‘माझ्याकडे चालतंय’ एवढं लिहून इश्यू, म्हणजे दोषाची नोंद, बंद करतात. माहिती मागतात, ती दिल्यावर वर्षभर कुणी फिरकत नाही, आणि मग एक दिवस बॉट येऊन सांगतो की बराच काळ हालचाल नसल्यामुळे ही नोंद बंद करण्यात येत आहे. हे बॉट मला मनापासून खटकतात. हालचाल वापरकर्त्याकडून थांबलेली नसते. त्याने दोन तास खर्चून पायऱ्या लिहिलेल्या असतात, लॉग जोडलेले असतात. नोंद बंद केल्याने दोष नाहीसा होत नाही, फक्त यादी आखूड दिसते. ‘हे आम्ही दुरुस्त करणार नाही, आमच्याकडे माणूस नाही’ असं सरळ लिहिलं तर कुणाला राग आला तरी तो टिकत नाही, कारण मग तो माणूस दुसरा मार्ग शोधतो, पर्याय वापरतो, जमत असेल तर स्वतः पॅच लिहितो. मौन त्याला अडकवून ठेवतं. डेबियनने १९९७ मध्ये आपल्या सामाजिक कराराद्वारे वचन दिलं की आम्ही अडचणी लपवणार नाही, आमची बग नोंदवही कायम सगळ्यांना पाहायला खुली राहील. सगळे बग दुरुस्त करू असं वचन त्यांनी दिलं नाही, कारण ते कुणालाच पाळता येणार नाही. फुकट काम करणाऱ्या माणसाकडून मागावं तर एवढंच मागावं.

एक वरवर क्षुल्लक पण बोलकी गोष्ट. २०१६ च्या सुरुवातीला शेकडो मेंटेनरांनी मिळून गिटहबला, म्हणजे प्रकल्पांचा कोड आणि नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळाला, जाहीर पत्र लिहिलं होतं. नोंदींखाली ‘मलाही’, ‘प्लस वन’ अशा शेकडो प्रतिक्रिया येतात, प्रत्येकीची सूचना ईमेलमध्ये पडते, आणि नोंद करताना आवृत्ती, पायऱ्या वगैरे विचारण्याची सोयच नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. काही आठवड्यांत गिटहबने नोंदीचे नमुने आणि प्रतिक्रियेसाठी अंगठ्यासारखी चिन्हं आणली. माणसं रातोरात सभ्य झाली नव्हती. विचारायची जागा बदलली आणि बराच कलकलाट आपोआप कमी झाला. म्हणून ‘लोकांना अक्कल नाही’ या निष्कर्षावर मी सहज येत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र या नात्यात तिसराच घटक शिरला आहे. कर्लने २०१९ पासून सुरक्षेतली त्रुटी दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायला सुरुवात केली होती. पुढे एआयच्या भाषा-मॉडेलांकडून लिहून घेतलेल्या नोंदी येऊ लागल्या. इंग्रजी निर्दोष, मांडणी व्यवस्थित, आणि ज्या फंक्शनचा दाखला दिला ते कर्लमध्ये अस्तित्वातच नाही. अशी एक नोंद खोटी आहे हे ठरवायला जाणकार माणसाचे तास जातात, आणि लिहायला पाठवणाऱ्याचं मिनिटही जात नाही. अखेर जानेवारी २०२६ संपताना कर्लने बक्षीस योजनाच बंद केली. खोटी साक्ष इतकी स्वस्त झाली की खरी ऐकून घेणंच महाग पडू लागलं. यंत्राचं साहाय्य घेणं हा मात्र गुन्हा नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एका संशोधकाने अशाच साधनांनी कर्लमधल्या डझनावारी खऱ्या चुका शोधून पाठवल्या, आणि स्टेनबर्ग यांनी त्यांचं मोकळ्या मनाने कौतुक केलं. त्या नोंदी निव्वळ यंत्राने ओकलेल्या नव्हत्या. हा फरक पुढच्या काही वर्षांत फार महत्त्वाचा ठरणार आहे: पाठवणाऱ्याने पडताळणी स्वतः केली आहे का, आणि चुकलं तर तो नावानिशी समोर उभा राहील का.

मोठ्या कंपन्या मात्र पडताळणी करूनही सुटत नाहीत. २०२५ मध्ये गुगलच्या ‘बिग स्लीप’ या यंत्रणेने एफएफएमपेग या व्हिडिओ लायब्ररीत एक त्रुटी शोधली. ती होती १९९५ च्या एका व्हिडिओ गेमची फाइल उलगडणाऱ्या कोडमध्ये. एफएफएमपेगच्या मंडळींनी ती दुरुस्त केली, पण संतापही व्यक्त केला: जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने यंत्राच्या वेगाने दोष शोधायचे, दोष जाहीर करण्याच्या मुदतीचं घड्याळ लावायचं, आणि दुरुस्ती कुणाच्या तरी रविवारवर सोडायची? त्याच वर्षी जूनमध्ये एक्सएमएल प्रकारच्या फाइली वाचणाऱ्या लिबएक्सएमएलटू या लायब्ररीचे मेंटेनर निक वेल्नहोफर यांनी जाहीर केलं की सुरक्षेच्या नोंदींना यापुढे वेगळी गुप्त वागणूक देणार नाही, त्या इतर बगांसारख्याच हाताळल्या जातील. बिनपगारी माणसाला दर आठवड्याला कित्येक तास त्यासाठी देणं परवडत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढे त्यांनी ती जबाबदारीच सोडली. त्रुटी शोधणं हे चांगलंच काम आहे आणि गुगलने ते थांबवू नये. पण ज्याच्याकडे शोधण्यासाठी पगारी तज्ज्ञ आहेत, त्याने नोंदीसोबत पॅचही पाठवावा. ज्या घरगुती वापरकर्त्याला कोड येत नाही, त्याच्याकडून मी पॅच मागणार नाही. कंपनीकडून मात्र मागेन. ताकदीप्रमाणे जबाबदारी वेगळी असायलाच हवी, आणि आजचे नियम दोघांनाही एकाच रांगेत उभं करतात.

युरोपीय संघाने या दिशेने एक पाऊल टाकलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये लागू झालेल्या, आणि डिसेंबर २०२७ पर्यंत पूर्ण अंमलात येणाऱ्या ‘सायबर रेझिलियन्स’ कायद्यानुसार, उत्पादन विकणाऱ्या कंपनीला आपण वापरलेल्या ओपन सोर्स घटकात त्रुटी आढळली तर ती मूळ मेंटेनरला कळवावी लागेल, आणि दुरुस्ती केली असेल तर तीही त्याला द्यावी लागेल. नफ्यासाठी नव्हे तर हौसेने लिहिणाऱ्यावर कायदा बोजा टाकत नाही. जर्मनीने २०२२ पासून सरकारी निधीतून अशा पायाभूत प्रकल्पांना पैसे द्यायला सुरुवात केली. कर्लला तो मिळाला. आपल्याकडे झेरोधा या शेअर-दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला, ही अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण खाजगी कंपनीच्या औदार्यावर हा प्रश्न सुटणार नाही. केंद्र सरकारचं ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण २०१५ पासून आहे. सरकारी कामांसाठी टेंडर निघतात, कंत्राटदार ओपन सोर्स घटक जोडून यंत्रणा उभी करतात, बिलं काढतात. त्या टेंडरमध्ये एक अट घालावी: काम करताना सापडलेला प्रत्येक दोष मूळ प्रकल्पाला योग्य रीतीने कळवला पाहिजे, आणि केलेली दुरुस्ती परत दिली पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते.

मराठी माणसाला यात एक जास्तीचं कारण आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक आपण डोळे झाकून करतो. संगणकाच्या पोटात मात्र ‘आचाऱ्यांना’मधला तो अर्धा र दोन वेगळ्या प्रकारांनी लिहिता येतो: टिंबवाल्या ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. अक्षरांना संकेतांक देणाऱ्या युनिकोड या मानकाने पहिला प्रकार मुख्य मानला आणि दुसरा जुन्या आवृत्तीशी सुसंगती म्हणून ठेवला. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, पण एका प्रकारे टाइप केलेला ‘दुसऱ्या’ शोधायला गेलं तर दुसऱ्या प्रकारचा सापडेलच असं नाही. मराठी वळणाचा ल आणि श कित्येक ठिकाणी हिंदी वळणाचा दिसतो, कारण मजकूर मराठी आहे हे प्रोग्राम फाँटला सांगतच नाही. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत अक्षरं जोडण्याचं काम हार्फबझ ही ओपन सोर्स लायब्ररी करते. तिथे किंवा फाँटमध्ये झालेली एक दुरुस्ती कोट्यवधी पडद्यांवर पोचते. पण देवनागरी न वाचणाऱ्या मेंटेनरला हा दोष दिसूच शकत नाही. त्याच्या दृष्टीने अक्षरं उमटली, काम झालं. इथे साक्षीदार आपणच.

आणि आपण बहुधा काय कळवतो? ‘मराठी नीट दिसत नाही.’ किंवा काहीच नाही. आपसात हळहळतो, इंग्रजीत टाइप करून मोकळे होतो. मेंटेनरला उपयोगी पडेल अशी नोंद लिहायला पाऊण तास पुरतो. नेमका शब्द, तो मजकूर म्हणून आणि चित्र म्हणूनही. कसा दिसायला हवा त्याचं एखाद्या छापील पुस्तकातलं छायाचित्र. फाँट, प्रोग्राम, आवृत्ती. कुठला कीबोर्ड वापरून टाइप केला. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, चित्राला व्याकरण लागत नाही. चूक फाँटची की हार्फबझची, हे ठरवत बसायचं कारण नाही. चुकीच्या दाराशी गेलात तर योग्य दार दाखवणं हे समोरच्याचं काम, आणि ते न दाखवता नोंद मिटवणाऱ्या मेंटेनरला मी दोष देईन.

हे सगळं शिकण्याची जागा अभियांत्रिकी महाविद्यालय ही आहे. मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर देशोदेशींचे लहान-मध्यम उद्योग वापरतात. म्हणजे बग ऐकून घेणारी बाजूही आता आपल्या मातीत आहे. तरी पुण्या-मुंबईची मुलं शेवटच्या वर्षाला ग्रंथालय व्यवस्थापनाचा किंवा हजेरीचा नवाकोरा प्रोजेक्ट बनवतात, जो व्हायव्हानंतर कुणी उघडत नाही. त्याऐवजी टर्मवर्क म्हणून एका चालत्या प्रकल्पाच्या जुन्या नोंदी द्याव्यात. प्रत्येक नोंद आजच्या आवृत्तीवर करून पाहायची. दोष अजून आहे का, कोणत्या पायऱ्यांनी होतो, आधीच दुसरीकडे नोंदलेला आहे का, एवढं खाली लिहायचं. मूळ साक्षीदाराने काही विसरलं असेल तर त्याला विचारायचं. आधी मेंटेनरशी बोलून त्याला कशी मदत हवी आहे ते शिक्षकांनी ठरवून घ्यावं, नाहीतर साठ मुलांची नवी फौज त्याच्यावर सोडल्यासारखं होईल. एका वर्गाने एका सत्रात एखाद्या प्रकल्पाच्या देवनागरीच्या सगळ्या थकीत नोंदी तपासून दिल्या, तर ज्या कामाला एकट्या माणसाची दोन वर्षं गेली असती ते चार महिन्यांत हातावेगळं होईल.